रसभंगाचे शिक्षण

'मानवी हक्क महोत्सव' हा शब्दप्रयोग आता आपल्या कानांना खटकेनासा झाला आहे. तो खटकला पाहिजे, असे मला वाटते. उत्सव म्हणजे आनंदाचा प्रसंग. आणि मानवी हक्कांची आठवण आपल्याला बहुधा होते ती कोणाचा तरी हक्क हिरावला गेल्यावर. संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ रोजी सार्वत्रिक जाहीरनामा स्वीकारला आणि १९५० साली तो दिवस सर्व राष्ट्रांनी पाळावा असे आवाहन केले. तेव्हापासून या दिवसाच्या आगेमागे जगभर सभा होतात, चित्रे मांडली जातात, अलीकडे तर मुख्यतः माहितीपट दाखवले जातात. आपल्या महाविद्यालयांतही ही प्रथा आता रुळली आहे. पडद्यावर जे दिसते ते उपासमार, विस्थापन, कोठडीतला मृत्यू, वस्ती जाळल्यानंतरची राख. या साऱ्याचा महोत्सव करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

प्रस्तुत लेखात मला या प्रश्नाच्या एका लहानशा बाजूचा विचार करायचा आहे. असा महोत्सव भरवण्यासाठी जे विद्यार्थी राबतात, त्यांच्या पदरात काय पडते? महाविद्यालयीन अहवालांत याचे ठरलेले उत्तर असते : संघटनकौशल्य, संभाषणचातुर्य, नेतृत्वगुण, आत्मविश्वास. हे उत्तर खोटे नाही, पण निरुपयोगी आहे. हे सारे गुण वार्षिक स्नेहसंमेलनातून मिळतात, क्रिकेटच्या सामन्यांतून मिळतात आणि गणेशोत्सवाच्या मंडळातून तर बऱ्याच अधिक प्रमाणात मिळतात. मानवी हक्कांच्या महोत्सवातूनच मिळेल आणि अन्यत्र मिळणार नाही, असे काही आहे काय, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना मी माझ्या व्यवसायाच्या वाटेने, म्हणजे साहित्यशास्त्राच्या वाटेने जाणार आहे. ती वाट आडवळणाची वाटेल, परंतु इथे तीच जवळची आहे.

दुःखाच्या दर्शनाने सुख कसे होते, हा आपल्याकडचा जुना प्रश्न. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, त्याच्याशी तादात्म्य पावतो, आणि तरीही आपण तो नव्हे हे भान त्याच्या मनात जागे असते. या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयीन आनंद आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच्या कितीतरी आधी अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्ने सांगितली. त्यांतले एक विघ्न मला फार महत्त्वाचे वाटते. समोरचे दुःख अमुक देशातल्या, अमुक काळातल्या, अमुक व्यक्तीचे आहे ही जाणीव प्रेक्षकाला चिकटून राहिली तर रस निष्पन्न होत नाही. देशकालाचे ते विशेष गळून पडावे लागतात. सीतेचा शोक एका विशिष्ट स्त्रीचा न राहता शोकमात्र उरला, की तो आस्वाद्य होतो. साधारणीकरण म्हणतात ते हेच.

आता मानवी हक्कांच्या व्यवहाराकडे पाहा. तिथे सारा भर नेमका उलट बाजूला असतो. तक्रार नोंदवायची तर नाव लागते, गाव लागते, तारीख लागते. 'शोकमात्र' घेऊन कोणत्याही पोलीस ठाण्यात वा न्यायालयात जाता येत नाही. देशकालविशेष गळून पडला तर करुणरस उरतो आणि हक्क नाहीसा होतो. रसाच्या दृष्टीने जे विघ्न, ते हक्काच्या दृष्टीने प्राण होय.

माहितीपटांच्या महोत्सवातला प्रेक्षक या दोन टोकांच्या मध्ये अडकलेला असतो. अंधार, मऊ खुर्ची, मोठा पडदा ही सारी व्यवस्था रसाची आहे. त्या व्यवस्थेतून त्याला दाखवले जाते ते मात्र खऱ्या माणसाचे खरे दुःख. तो हेलावतो, दिवे लागल्यावर डोळे पुसतो आणि शेजाऱ्याला 'फार प्रभावी' असे म्हणतो. सुझन सोंटागने 'रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स' या २००३ सालच्या पुस्तकात दुसऱ्यांच्या यातनांकडे पाहणारे 'आपण' म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न केला होता. आपल्या परिभाषेत तो असा मांडता येईल : पाहणारा रसिक झाला तर ज्याचे दुःख आहे त्याचे काय होते? मी रसिकतेचा शत्रू नाही. चार दशके मी तीच शिकवली. तिची सीमा कोठे आहे, एवढेच मला पाहायचे आहे.

संयोजन करणाऱ्या विद्यार्थ्याला ही रसिकता परवडत नाही. त्याची समाधी लागत नाही, कारण त्याला दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी बोलावत असते. प्रोजेक्टर तापलेला असतो, ध्वनिक्षेपक खरखरत असतो, पाहुण्यांची एस.टी. दोन तास उशिरा येणार असते, आणि मागच्या रांगेतल्या वृद्ध गृहस्थांना जिना चढवत नसतो. करुणरस त्याच्या वाट्याला तुकड्यातुकड्यांनी येतो आणि प्रत्येक वेळी भंग पावतो. हा रसभंग हेच त्याचे शिक्षण आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यार्थ्यांनी असा दोन दिवसांचा महोत्सव योजला होता. उद्घाटनाला मला बोलावले होते, आणि पूर्वतयारीच्या दोन बैठकींना मी सहज म्हणून जाऊन बसलो. एक सत्र भुयारी गटारांत उतरून मरणाऱ्या कामगारांवर होते. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा अधिक व्यापक कायदा २०१३ चा. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी, १९९३ पासून अशा कामात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ही रक्कम ३० लाखांवर नेली. म्हणजे कायदा आहे, आदेश आहे, आणि माणसे उतरतच आहेत. या सत्रात एक माहितीपट दाखवायचा आणि त्यानंतर ज्यांचे पती असेच गेले होते अशा एका बाईंनी बोलायचे, असे ठरले होते. माहितीपट निवडणाऱ्या मुलाने तो तीनदा पाहिला होता. 'सर, जबरदस्त आहे,' असे त्याने मला सांगितले होते.

निमंत्रणासाठी त्याने बाईंना दूरध्वनी केला. पत्रकात नाव कसे छापायचे, हे विचारायचे होते. बाई म्हणाल्या, 'माझं नाव छापा दादा, यांचंबी छापा. फोटो नका टाकू. पोरीच्या शाळेत पोरं चिडवतेत.' मग थोडे थांबून त्यांनी विचारले, 'त्या पिच्चरमधी माणूस वर काढताना दाखवलाय का?'

मुलाला काही सुचेना. माणूस बाहेर काढतानाचे दृश्य त्या माहितीपटात होते आणि त्याच्या मते तेच सर्वांत परिणामकारक होते. त्या रात्री त्याने तो चौथ्यांदा पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत त्याच्या वहीत फक्त एवढेच लिहिलेले होते : अठरावे मिनिट, सुमारे चाळीस सेकंद. सत्राचा क्रम बदलावा, बाईंनी आधी बोलावे आणि मग त्यांना थांबायचे की निघायचे हे त्यांनीच ठरवावे, असे त्याने सुचवले. त्यावर बराच वाद झाला. आधी चित्रपट, मग साक्ष या क्रमात जो चढता परिणाम साधतो तो जाईल, असे काहींचे म्हणणे होते. साहित्यशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच होते.

या एका प्रश्नात त्या मुलाने जे शिकून घेतले ते मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात दाखवता येणार नाही. चित्रपट तोच, दृश्य तेच. पण ते आता एका विशिष्ट स्त्रीच्या डोळ्यांनी पाहणे भाग पडले, आणि पाहताक्षणी ते 'प्रभावी' राहिले नाही. अभिनवगुप्ताने सांगितलेले विघ्न असे एका दूरध्वनीच्या वाटेने आत आले. समाधीतला 'विकल्प', म्हणजे हे दुःख माझे नव्हे ही जाणीव, प्रेक्षकाला आनंद देते. संयोजकाला तीच जाणीव कामाला लावते : माझे नाही, तर मग कोणाचे? आणि तिला मी कोणत्या रांगेत बसवणार आहे?

त्याच बैठकीत दुसरा वाद पत्रकातील एका शब्दावरून झाला. मसुद्यात बाईंच्या नावापुढे 'पीडित महिला' असे लिहिले होते. वकील वक्त्याच्या नावापुढे 'ज्येष्ठ विधिज्ञ', प्राध्यापकाच्या नावापुढे 'अभ्यासक', आणि यांच्यापुढे त्यांच्यावर जे ओढवले ते. एका विद्यार्थिनीने याला हरकत घेतली. शब्दांवर इतकी घासाघीस कशाला, असे काहींना वाटले. पण हक्कांच्या इतिहासात शब्दांवरची घासाघीस कधीच क्षुल्लक नव्हती. सार्वत्रिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा शब्द होता. तो बदलून 'सर्व मानव' असे व्हावे, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांचा. (केळकरांनी जिथे समाधीची मांडणी केली त्याच बडोद्यात पुढे त्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.) आमच्या पत्रकातही शेवटी 'पीडित' गेले आणि नुसते नाव राहिले, पतीच्या नावासह.

तिसरा वाद पैशांचा, आणि माझ्या मते सर्वांत बोधप्रद. वकिलांना आणि प्राध्यापकांना मानधनाचे पाकीट द्यायचे होते. बाईंना प्रवासखर्च, श्रीफळ आणि साडीचोळी. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. आपल्याकडे असेच करतात. जमाखर्चाची वही सांभाळणाऱ्या मुलाने आकडे एकाखाली एक मांडले तेव्हा मात्र ती गोष्ट सर्वांना एकदम दिसली. ज्या बाईंचा त्या दिवसाचा रोज बुडणार होता, त्यांनाच तेवढे पाकीट नव्हते. समता या विषयावर आठवडाभर व्याख्याने ऐकून जे कळले नसते, ते वहीच्या एका रकान्यात कळले. तिघांना सारखी रक्कम द्यायची म्हणून स्वागताचे पुष्पगुच्छ कापले गेले.

सभागृह कोणी झाडायचे, हा प्रश्नही निघाला. आपण स्वतः झाडू घेऊ, असे उत्साहाने ठरत होते. हे सुचवणाऱ्यांची सदिच्छा मला मान्य आहे, पण छायाचित्रापुरत्या झाडूबद्दल मला आदर वाटत नाही. सभागृहाच्या कंत्राटी सफाई कामगाराला दोन्ही रात्री थांबावे लागणार होते. त्याला जादा कामाचे पैसे मिळतात काय, हे कोणी विचारले असते तर ते अधिक हक्काला धरून झाले असते. दुसऱ्या दिवशी ते विचारले गेले. उत्तर काय मिळाले, ते मला कळले नाही.

संयोजन हेच हक्काचे प्रत्यक्ष रूप असते, याचा आपल्या भूमीतला सर्वांत मोठा दाखला महाडचा. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला, आणि महाड नगरपालिकेने तो १९२४ मध्ये कागदावर स्वीकारला. मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद तिथे भरली तेव्हा मांडवातल्या माणसांच्या तहानेसाठी संयोजकांना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ठराव झालेले तळे गावात आणि परिषदेच्या खर्चात पाण्याची रक्कम! २० मार्चला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्यावर जाऊन ओंजळ भरली ती घटना सर्वांना ठाऊक आहे. हे चाळीस रुपये फारसे कोणी लक्षात ठेवीत नाही. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची तर मांडवाला जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. व्यापारी माल विकणार नाहीत म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. या साऱ्या खटाटोपात अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांच्याबरोबर रामचंद्र बाबाजी मोरे होते. त्यांचे वय तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचे होते. जागा, पाणी, धान्य यांची सोय करणे ही परिषदेची केवळ पूर्वतयारी नव्हती. परिषदेचा विषयच तो होता. आजच्या महाविद्यालयीन महोत्सवाची महाडशी तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. पण सतरंजी अंथरणाऱ्याला सभेचा विषय भाषण करणाऱ्याच्या आधी कळतो, एवढे तरी त्यावरून दिसते.

सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता, हा आपल्या राजकारणात कुचेष्टेचा शब्द झाला आहे. त्याला कारणेही आहेत. जन्मभर सतरंज्या उचलूनही व्यासपीठावर ज्याला कधी बोलावले जात नाही, तो हा माणूस. मानवी हक्कांच्या महोत्सवात हीच उतरंड राहिली तर त्याला काही अर्थ उरत नाही, आणि ती राहते हेही मी पाहिले आहे. मुलींनी रांगोळी आणि चहा पाहायचा, मुलांनी तंत्र. इंग्रजी चांगले बोलणाऱ्याने सूत्रसंचालन करायचे, वसतिगृहातल्याने खुर्च्या लावायच्या. याच्या उलट उदाहरण अतुल पेठे यांचे. गो. पु. देशपांडे यांचे महात्मा फुल्यांवरील 'सत्यशोधक' हे नाटक त्यांनी २०१२ साली पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन रंगभूमीवर आणले. ज्यांच्याविषयी कळवळ्याने बोलले जाते ते कामगार तिथे प्रेक्षकांसमोर फुल्यांचे विचार स्वतःच्या तोंडाने मांडत होते. त्या प्रयोगात जो रस होता तो करुण नव्हता, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

काय दाखवायचे याची निवड करताना विद्यार्थ्याची आणखी एका गोष्टीशी गाठ पडते. ती म्हणजे परवानगी. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवासाठी २००३ मध्ये भारतीय चित्रपटांना तेवढे सेन्सॉरचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्यात आले. विरोधानंतर ती अट मागे गेली, पण पुढे अनेक परखड माहितीपट निवडीतच गळले. तेव्हा चित्रपटकर्त्यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये मुंबईतच 'विकल्प' नावाचा स्वतःचा महोत्सव भरवला. गुजरातेतील २००२ च्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्यूशन' तिथे दाखवला गेला. त्याला त्याच वर्षी आधी प्रमाणपत्र नाकारले गेले आणि मग मिळाले. २०१७ साली तिरुवनंतपुरमच्या महोत्सवात तीन माहितीपटांना केंद्र सरकारने प्रमाणपत्रातून सूट देण्याचे नाकारले. त्यांचे विषय रोहित वेमुला, काश्मीरमधील तरुण कलावंत आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे आंदोलन असे होते. म्हणजे तिन्ही तरुणांविषयी.

हा तपशील वर्गात सांगता येतो. पण अर्ज स्वतः लिहिणे, तो कोणाच्या टेबलावर अडला आहे हे शोधणे, आणि प्राचार्यांच्या खोलीत 'हा एक वगळता येईल का' हा सौम्य प्रश्न ऐकून काय उत्तर द्यायचे ते ठरवणे, हे वर्गात होत नाही. यातली सर्वांत कठीण परीक्षा नकाराची नसतेच. कोणी काही म्हणण्याच्या आधीच विद्यार्थी आपण होऊन एखादा चित्रपट यादीतून काढतात, तेव्हा ती असते. दूरदेशीची दडपशाही दाखवायला कोणाची हरकत नसते. आपल्याच तालुक्यातली दाखवायची म्हटली की प्रोजेक्टर नेमका नादुरुस्त होतो. महोत्सवाची छापील पत्रिका पुष्कळ सांगते. वगळलेल्या चित्रपटांची यादी त्याहून अधिक सांगेल, आणि ती फक्त संयोजकांपाशी असते.

असे महोत्सव जिथे दीर्घकाळ टिकले तिथे ही जबाबदारी तरुणांकडे सोपवण्याची रीत पडली आहे, असे दिसते. चेक प्रजासत्ताकात साम्यवादी राजवट कोसळल्याला दहा वर्षे होत असताना, १९९९ मध्ये, 'पीपल इन नीड' या संस्थेने प्रागमध्ये 'एक जग' अशा अर्थाच्या नावाचा मानवी हक्कविषयक माहितीपटांचा महोत्सव सुरू केला. तो प्रागनंतर देशातल्या कितीतरी लहान गावांत जातो आणि तिथली स्थानिक मंडळी तो भरवतात. शाळकरी विद्यार्थ्यांचे स्वतंत्र परीक्षक मंडळ तिथे पारितोषिक देते. अलीकडे चाकाच्या खुर्चीवरून येणारे, न ऐकू येणारे, न दिसणारे प्रेक्षक यांनाही चित्रपट पाहता यावेत याची तिथे पद्धतशीर योजना केली जाते. अपंगांच्या हक्कांवरचा चित्रपट जिना चढून पाहावा लागावा, यातली विसंगती प्रेक्षकाला क्वचितच दिसते. खुर्च्या मोजणाऱ्याला ती टाळता येत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०११ मध्ये मानवी हक्कांच्या शिक्षणावर एक जाहीरनामा केला. त्यात या शिक्षणाची तीन अंगे सांगितली आहेत : हक्कांविषयीचे शिक्षण, हक्कांच्या द्वारा शिक्षण आणि हक्कांसाठी शिक्षण. आपल्या विद्यापीठांनी पहिले अंग अभ्यासपत्रिकेत बसवले, तिसरे भाषणांत बसवले; मधल्या 'द्वारा'चे काय करायचे हे त्यांना उमगले नाही. सिमोन वेलने १९४३ मध्ये लिहिलेल्या आणि तिच्या मृत्यूनंतर १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा आरंभच मुळी कर्तव्य हे हक्काच्या आधी येते या विचाराने होतो. हक्क एकट्याने उभा राहत नाही. दुसऱ्या कोणी तरी आपले बंधन मान्य केल्यावरच तो अस्तित्वात येतो. 'द्वारा' या शब्दयोगी अव्ययात हे बंधन भरलेले आहे. वृद्धाला जिना चढवत नाही हे कळल्यावर सत्र तळमजल्यावर आणणे, म्हणजे त्याचा हक्क अस्तित्वात आणणे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. विद्यार्थ्यांना 'लाभ' झाला, असे म्हणताना तो कोणाच्या जिवावर झाला? बाई आल्या, बोलल्या, निघून गेल्या. मुलांना प्रमाणपत्रे मिळाली, पुढे कोणाच्या अर्जात 'मानवी हक्क क्षेत्रातील अनुभव' अशी ओळ आली. दुसऱ्याच्या शोकावर आपली बढती, हा व्यवहार रसिकतेहूनही हीन होय. शिवाय रसभंगाची सवय झाली की मन निबर होते. दहावा महोत्सव भरवणारा संयोजक साक्षीदाराला 'स्लॉट' म्हणू लागतो, अठरावे मिनिट त्याला खुपत नाही, त्याला घड्याळ तेवढे दिसते. रसिक निदान रडतो. हा रडतही नाही. असे संयोजक मला भेटले आहेत आणि त्यांच्या कार्यक्षमतेची मला धास्ती वाटते. रसभंग शिक्षण देतो तो पहिल्यांदा, दुसऱ्यांदा; पुढे तो नुसता व्यवसाय होतो. म्हणूनच दर वर्षी नवी, अननुभवी मुले हे काम करतात आणि दर वर्षी तेच घोळ घालतात, यात मला संस्थेचा दोष दिसत नाही. तो घोळ राहू द्यावा.

पहिल्या आक्षेपाला मात्र इतके सोपे उत्तर नाही. लाभ एकतर्फी राहिला तर आक्षेप खराच ठरतो. तो एकतर्फी राहतो की नाही, हे महोत्सवानंतरच्या महिन्यांत ठरते, आणि तेव्हा तिथे प्रेक्षक नसतात. त्या बाईंनी बोलून झाल्यावर पिशवीतून एक प्लॅस्टिकची पुडी काढली होती. तिच्यात मृत्यूचा दाखला, पंचनाम्याची प्रत आणि भरपाईच्या अर्जाची पोच होती. आदेशातली रक्कम त्यांना मिळालेली नव्हती, कारण मृत व्यक्ती आपल्या सेवेत नव्हती, कंत्राटदाराकडे होती, असे संबंधित कार्यालयाचे म्हणणे होते. कोणाला यातले काही कळते का, असे त्यांनी विचारले. टाळ्या नुकत्याच थांबल्या होत्या. वहीवाल्या मुलाने त्या कागदांच्या प्रती काढून घेतल्या. वकिलांनी त्याला अर्जाचा मसुदा सांगितला, त्याने तो लिहून घेतला, आणि पुढच्या चार महिन्यांत तो त्या कार्यालयात सहा वेळा गेला. सहाव्या खेपेनंतर त्याची परीक्षा आली. फाइल त्याने धाकट्या वर्गातल्या एका मुलीकडे दिली, आणि वर पेन्सिलीने पुढची तारीख लिहिली.